आभारांचा तक्ता

रुवीत, टायपिंगच्या दुकानात,
माझ्या टेबलाच्या काचेखाली एक पिवळा कागद आहे.
माझ्या आधीच्या लीलाम्मानं
कोट्टयमला कायमचं परत जाताना ठेवलेला.

थँक्यू : कुणालाही.
मेनी थँक्स : ओळखीच्याला.
आय अ‍ॅम ग्रेटफुल : साहेबाला.
आय शॅल रिमेन एव्हर ग्रेटफुल : साहेब रजा देत नसेल तर.
थँकिंग यू इन अँटिसिपेशन : काम झालेलं नसताना
झालंच असं धरून चालायचं, म्हणजे समोरचा लाजतो.

लाजलेला मी अजून पाहिला नाही.
पण सात वर्षं यातूनच उचलते,
पानाला पाचशे बैसा, अरबीत हवं तर दुप्पट.

आमच्या घरी हा शब्दच नव्हता.
आभार म्हणजे शाळेच्या गॅदरिंगला, अगदी शेवटी,
लोक खुर्च्या सरकवायला लागले की
जोगदेव मास्तर मानायचे ते,
मंडपवाल्यापासून सुरुवात करून.
शेजारच्या काकूंची आमटीची वाटी
रिकामी परत करायची नाही, एवढं ठाऊक.
काही नसलं तर चिमूटभर साखर.
धन्यवाद म्हटलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या,
काय गं, काही बिनसलं का?

मंगळवारी दुपारी अय्यूब सोलकर आले. दाभोळचे.
मिसफाहच्या वर्कशॉपात बावीस वर्षं.
घडीवर मळलेलं कंपनीचं पत्र पुढे केलं.
"काय लिवलानी तां नीट वाच.
पोराला फोटो धाडला, तो बोलला,
अब्बा, चांगलं हाय, दोनदा थँक्यू लिवलानी हाय."

होतं दोनदा. एक वर, एक खाली.
मधल्या ओळीत तीस तारीख.
दार लावताना आवाज होऊ नये
म्हणून बिजागरीला तेल घालावं
तसे ते दोन थँक्यू.

मी सांगितलं.
एसीतून बादलीत टपटप चालू होती, ती तेवढी ऐकू आली.
मग म्हणाले, "म्हंजे थँक्यू म्हंजे जा."
"या पत्रात, हो."

उत्तर गोड लिही म्हणाले,
हिशोबाचे पैसे अडकायला नकोत.
मी तक्त्यातलं चौथं उचललं, एव्हर ग्रेटफुल,
बोटांना पाठच आहे ते.
छापायला देणार तोच म्हणाले,
"आणि फोरमनचं नाव घाल. इद्रीस, सुदानवाला.
माझ्या बापाच्या मयतीला स्वतःचं तिकीट दिलान.
पैसे घेतलान नाय."

कुठल्या शब्दात घालू?
"तां तू बघ. त्याचेच पैसे घेतेस ना?"

ग्रेटफुल लिहिलं. खोडलं.
तो शब्द वरच्या ओळीत कंपनीला देऊन झाला होता,
उष्टा वाटला.
थँकफुल लिहिलं, तेही पुसलं.
मग इन्डेटेड.
लीलाम्माच्या कागदावर हा नाही.
याच्या पोटात कर्ज आहे, म्हणून ठेवला,
कर्ज असलं की माणूस पुन्हा भेटायला बांधील राहतो.
सोलकरांना अर्थ सांगितला.
"हां," म्हणाले, "हां, ह्यो खरा."

पाचशे बैशांची नोट मी घेतली नाही.
त्यांनी आग्रह केला नाही,
आणि तक्त्यातलं काहीही म्हणाले नाहीत.
स्टूल ओढून वर चढले,
खिशातल्या तारेनं एसीची नळी खरवडली,
चमचाभर काळा गाळ काढला,
हात पँटला पुसले.
"आता गळायचा नाय."

दारात म्हणाले, येतो.
तीस तारखेला कायमचा जाणारा माणूस.
मी म्हटलं, या.

आज रविवार.
बादली कोरडी आहे,
रिकामी म्हणून उचलली, आणि पुन्हा तिथेच ठेवली.